१७०० डिग्रीचं कास्टेबल ३०० ला फुटलं, असं कसं होऊ शकतं?

नवा_मेंटेनन्स

नमस्कार मंडळी, मी मेंटेनन्सला आहे, दोन वर्षं झाली, मेकॅनिकल शिकलोय पण भट्टीच्या लायनिंगबद्दल कॉलेजात कुणी काही सांगितलं नव्हतं, जे काय येतं ते बघून बघूनच. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियम वितळवून धरून ठेवायची भट्टी आहे, गॅस बर्नरवाली. जुनं लायनिंग संपलं होतं म्हणून ते फोडून काढलं आणि भिंतींना नवीन लो सिमेंट कास्टेबल (पाण्यात कालवून काँक्रीटसारखं ओतायचं, कमी सिमेंटचं भट्टीचं लायनिंग) ओतलं, जाडी २३० एमएम, साधारण ४ टन माल गेला. सप्लायरच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय की जास्तीत जास्त १७०० डिग्रीपर्यंत चालेल. आमची भट्टी हजार-अकराशेच्या वर जातच नाही, धातू तर ७५० च्या आसपास असतो, त्यामुळे टेंपरेचरची काळजी कुणाच्या डोक्यातच नव्हती.

ओतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शटरिंग काढलं आणि दुपारी बर्नर लावला. पॅनेलवर ३२० दिसत होतं तेव्हा आतून आधी टक टक असे बारीक आवाज यायला लागले, मी ऑपरेटरला म्हटलं की जरा कमी कर, तो हात पुढे करतोय तेवढ्यात धाड करून आवाज झाला, बर्नर ट्रिप झाला आणि दाराच्या फटीतून धूळ आणि वाफ एकत्रच बाहेर आली. थंड झाल्यावर उघडून बघितलं तर बर्नरसमोरच्या भिंतीचा दरवाजाएवढा भाग उडालेला, अँकर (लायनिंग धरून ठेवणारे धातूचे हूक) उघडे पडलेले, खाली १००-१२० एमएम जाडीचे ढलपे. दारासमोर कुणी उभं नव्हतं म्हणून वाचलो सगळे, त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाहीये. एक मोठा ढलपा उलटा करून बघितला तर त्याची मागची बाजू चक्क ओलसर होती. ३२० डिग्रीच्या भट्टीत ओल कशी राहील?

आता वरिष्ठ म्हणतायत माल खराब होता, १८०० वाला मागवा. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही हे मुद्देसूद सांगताही येत नाहीये. कुणी अनुभवी समजावेल का?

भट्टीकाका

अरे तू ती ओल बघितलीस ना, तिथेच तुझं उत्तर आहे, आणि बघितलीस हे बरं केलंस, बहुतेक जण ढलपे उचलून टाकून देतात. मी सव्वीस वर्षं लायनिंगचंच काम करतोय, असे फुटलेले लायनिंग पुष्कळ बघितलेत आणि दर वेळी आधी मालालाच शिव्या पडतात.

हिशोब कर. लो सिमेंट कास्टेबलमध्ये पाणी साधारण ४ ते ६ टक्के घालतात. ४ टनाला ६ टक्के धर, म्हणजे २४० लिटर पाणी तू त्या भिंतींमध्ये ओतलंस. त्यातलं काही मोकळं असतं, काही सिमेंटशी बांधलं जातं. मोकळं पाणी शंभर-एकशेदहाच्या पुढे निघायला लागतं पण बांधलेलं पाणी २०० ते ३५० च्या दरम्यान सुटतं, म्हणून लोकांना वाटतं शंभर पार झालं, झालं कोरडं, आणि ते नॉब फिरवतात. नेमकं तिथेच घात होतो.

आत काय होतं ते बघ. तापतं पुढच्या बाजूने, मागे शेलचा, म्हणजे भट्टीच्या बाहेरच्या कवचाचा पत्रा थंड. वाफ दोन्हीकडे पळते, पुढे आगीकडे पण आणि मागे थंड भागाकडे पण. मागे गेलेली वाफ थंड होऊन परत पाणी होते आणि तिथली भोकं बुजवते, तीच तुझी ओल. आता तापलेला भाग जसजसा आत सरकतो तसा तो त्या ओल्या पट्ट्याला गाठतो आणि वाफेला मागेही वाट नाही आणि पुढेही पुरेशी नाही. कोंडलेल्या वाफेचा दाब २०० अंशांला साधारण १५ बार, २५० ला जवळपास ४० बार होतो. नवीन, न भाजलेल्या कास्टेबलची ताण सोसायची ताकदच मुळात मोजक्या मेगापास्कलची, आणि ४० बार म्हणजे ४ मेगापास्कल. मग ते उडणारच. तुझे ते टक टक आवाज म्हणजे आत बारीक चिरा पडत होत्या. परत कधी तो आवाज आला तर एकच करायचं, तापमान आहे तिथेच धरायचं, वाढवायचं तर नाहीच पण बर्नर बंद करून एकदम थंडही करायचं नाही, आणि माणसं लांब.

१७०० हा आकडा भाजून तयार झालेल्या लायनिंगचा आहे. ओल्या लायनिंगला तो लागू नाही, आणि १८०० वाल्यालाही नाही. १८०० वाला आणलास आणि असाच तापवलास तर तोही ३०० लाच फुटेल.

आता मला सांग, पाणी मोजून घातलं होतं का, ओतल्यापासून बर्नर लावेपर्यंत किती तास गेले, तेव्हा हवा गार होती की उबदार, आणि पॅनेलला जोडलेलं थर्मोकपल (तापमान मोजायची तार) नक्की कुठे आहे?

नवा_मेंटेनन्स

काका, खूप धन्यवाद, एवढं कुणी समजावलं नव्हतं. खरं ते सांगतो.

पाणी पहिल्या दोन बॅचला मोजलं, मग मिक्सरवाला म्हणाला माल चालत नाहीये, व्हायब्रेटर लावला तरी कोपऱ्यात जात नाहीये, म्हणून मग तो पाइपनेच घालत होता आणि मीही अडवलं नाही, ही चूक माझी. ओतणं रात्री संपलं, बर्नर लावेपर्यंत सोळा-सतरा तास. रात्री गारठा होता, भट्टी उघडी होती. थर्मोकपल छताजवळ आहे, बर्नरच्याच बाजूला. बर्नर सगळ्यात कमी ठेवला तरी ज्योत समोरच्या भिंतीला टेकते. शून्यापासून ३२० पर्यंत पाच तासांत गेलो.

भट्टीकाका

तू सरळ सांगितलंस म्हणून मीही सरळ सांगतो, यात माल निर्दोष होता असंच मला वाटतं.

पहिलं पाणी. सहाच्या जागी आठ टक्के गेलं तर ४ टनात ८० लिटर जादा. ते वाफेचं संकट वाढवतंच, शिवाय पाणी निघून गेल्यावर तेवढी पोकळी राहते आणि ताकद कायमची कमी होते. लो सिमेंट माल मिक्सरमध्ये बघताना कोरडाच दिसतो, व्हायब्रेटर लागला की पाणी वर येतं आणि मग तो वाहतो, म्हणून मिक्सरमधला रंगरूप बघून पाणी घालायचंच नाही, पूर्ण पाच मिनिटं फिरू द्यायचं. साध्या कास्टेबलला आम्ही मुठीत गोळा करून बघायचो, गोळा फूटभर वर उडवून झेलायचा, हातात पडून भुगा झाला तर पाणी कमी, बोटांच्या फटीतून लगदा ओघळला तर जास्त, आणि थोडासा दबून अखंड राहिला तर बरोबर. लो सिमेंटला मात्र फक्त वजनकाटा आणि मापाची बादली. पाणीही पिण्यासारखं स्वच्छ, मिक्सर आधीच्या मालाचा किंवा साध्या सिमेंटचा लडबडलेला नको, नाहीतर माल भलत्याच वेळी सेट होतो.

दुसरं गारठा. हे फार कमी लोकांना माहीत असतं. यातलं सिमेंट घरबांधणीचं नाही, ते कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेटचं असतं आणि ते २० अंशांच्या खाली सेट झालं तर त्याचे वेगळे स्फटिक होतात, ज्यांच्यात पाणी जास्त बांधलं जातं आणि अंग घट्ट होतं, वाफ बाहेर निघायला अवघड. म्हणजे थंडीत ओतलेलं लायनिंग फुटायची भीती जास्त. २५-३० अंशांला ओत, झाकून ठेव, पूर्ण चोवीस तास दे, आणि थंडी असेल तर आत साधा हीटर लावून ऊब दे.

तिसरं थर्मोकपल. तुझे ते ३२० म्हणजे छताखालच्या हवेचे होते. समोरच्या भिंतीला ज्योत चाटत होती तिथे किती असेल कुणास ठाऊक, पण फुटली ती भिंत कोणती? तीच ना? ड्राय-आउटला, म्हणजे नवं लायनिंग हळूहळू तापवून सुकवायला, मुख्य बर्नर वापरूच नये, वेगळा लहान बर्नर भरपूर जादा हवेवर चालवायचा म्हणजे ज्योत नाही तर गरम वारा फिरतो. आणि थर्मोकपल निदान तीन, लायनिंगच्या अगदी जवळ, भिंतीला लागून.

तापवायचा वेग सप्लायरच्या तक्त्याप्रमाणेच, तो सांगतो तो अंतिम. पण अंदाज यावा म्हणून सांगतो, आम्ही दर २५ एमएम जाडीला एक तास असा होल्ड (तापमान एकाच ठिकाणी धरून ठेवणं) धरतो, तुझ्या २३० ला नऊ-दहा तास. एक होल्ड ११०-१२० ला, एक २५० च्या आसपास, एक ३५० च्या, आणि एक ५५० ला, मधली चढण तासाला १५-२० अंशांची. चार-पाच दिवस जातात. प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे राहतील, राहू देत, फुटलेलं परत ओतायला किती दिवस लागतात ते त्यांना आत्ता कळलंच असेल.

आणि शेलला वाफ निघायची भोकं आहेत का ते बघ. नसतील तर पाडून घे.

मुक्ता_मटेरियल्स

काकांनी फुटण्याचं सगळं सांगितलं, मी त्या १८०० डिग्रीच्या आग्रहाबद्दल लिहिते कारण हा गैरसमज मला सगळीकडे भेटतो आणि त्यात भट्ट्यांचं खरंच नुकसान होतं.

रिफ्रॅक्टरी (भट्टीचा उष्णता सोसणारा माल) म्हटलं की लोक वितळण्याचा आकडा बघतात. सिलिका १७१३, अ‍ॅल्युमिना २०७२, मॅग्नेशिया २८०० च्या आसपास. मग मॅग्नेशिया सगळ्यात भारी, सगळीकडे तेच लावा? तसं नाही होत. वीट काय सोसते हे तिला कोण शिवतंय, ती कितीदा तापते-गार होते आणि तिच्यावर वजन किती आहे यावर ठरतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण पोलादाचं आहे. बेसेमरने १८५६ साली आपली कन्व्हर्टरची (वितळलेल्या लोखंडात हवा फुंकून पोलाद करायच्या भांड्याची) पद्धत मांडली, तिचं लायनिंग सिलिकाचं होतं, उष्णता व्यवस्थित सोसायचं. पण लोखंडात फॉस्फरस असला की पोलाद ठिसूळ व्हायचं, कारण फॉस्फरस काढायला चुन्याचा स्लॅग (धातूवर तरंगणारा वितळलेला मळ) लागतो आणि चुना सिलिकाचं लायनिंग खाऊन टाकतो. म्हणजे जगातलं कितीतरी खनिज वापरताच येत नव्हतं, आणि अडचण तापमानाची नव्हतीच, लायनिंगच्या स्वभावाची होती. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस नावाचा पोलीस कोर्टातला कारकून आणि त्याचा केमिस्ट चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट, या दोघांनी १८७८-७९ मध्ये डोलोमाइटचं (चुना आणि मॅग्नेशिया असलेल्या दगडाचं) लायनिंग वापरून दाखवलं, ते चुन्याच्या स्लॅगसमोर टिकलं, आणि वर तो फॉस्फरसवाला स्लॅग खत म्हणून विकला जायला लागला. मला ही गोष्ट फार आवडते, एका विटेने अख्खा धंदा बदलला.

किंवा सिलिकाची वीटच घ्या. ६०० च्या वर ती इतकी स्थिर की काचेच्या भट्टीचं छत आणि कोक ओव्हनच्या भिंती तिच्याच करतात, भाराखाली शेवटपर्यंत ताठ उभी राहते. पण त्याच्या खाली, २०० ते ३०० च्या दरम्यान तिच्यातलं क्रिस्टोबलाइट (सिलिकाचा एक स्फटिक प्रकार) एकदम फुगतं, ५७३ ला उरलेलं क्वार्ट्झ (दुसरा प्रकार) तसंच उडी मारतं, त्यामुळे ती भट्टी एकदा तापवली की वर्षानुवर्षं गारच होऊ देत नाहीत. म्हणजे १६०० ला बिनधास्त असलेली वीट २५० ला तडकते. आकड्यावरून काय कळणार?

आता तुमचं अ‍ॅल्युमिनियम. ७५० डिग्री म्हणजे रिफ्रॅक्टरीच्या दृष्टीने काहीच नाही, पण वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजनचं इतकं भुकेलं असतं की ते लायनिंगमधल्या सिलिकातूनसुद्धा ऑक्सिजन ओढून घेतं, स्वतः अ‍ॅल्युमिना होतं आणि सिलिकॉन मागे सोडतं. धातूच्या पातळीची जी रेघ असते ना भिंतीवर, जिथे धातू, हवा आणि लायनिंग तिघं एकत्र येतात, तिथे काळपट-करड्या गाठी वाढलेल्या तुम्ही जुन्या लायनिंगवर बघितल्या असतील. तो कोरंडम, म्हणजे कठीण स्फटिक झालेला अ‍ॅल्युमिना. छिन्नी बोथट होते पण तो निघत नाही, आणि तो आतही वाढतो आणि लायनिंग फोडतो. धातूत मॅग्नेशियम असेल तर अजून वेगाने.

तर तुम्ही सप्लायरला किती डिग्री हे विचारूच नका. विचारा की हा माल अ‍ॅल्युमिनियमला चिकटू आणि आत शिरू देतो का (यालाच भिजणं म्हणतात), त्यात बेरियम सल्फेट किंवा तत्सम न भिजवणारी भर आहे का, मोकळी सिलिका किती, छिद्रं किती, आणि धातूत बुडवून केलेल्या चाचणीचा कापलेला नमुना दाखवा. तो कप मधोमध कापलेला असतो, धातू आत शिरला की नाही ते डोळ्यांनी दिसतं. १८०० वाला माल पोलादासाठी बनवलेला असू शकतो आणि तुमच्या धातूसमोर १७०० वाल्यापेक्षा आधी हरेल.

बचत_बघणारा

चर्चा मस्त चालू आहे. मी एक सुचवू का, आता परत ओततायच तर मागे ५० एमएम इन्सुलेशन बोर्ड वाढवा आणि सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट पण टाका, शेल गार राहतो, गॅस वाचतो. आम्ही एका भट्टीला केलंय, पत्र्याला हात लावता येतो आता.

मुक्ता_मटेरियल्स

गॅस वाचतो हे खरं, पण धातू धरणाऱ्या भट्टीत हे मोजल्याशिवाय करू नका, कळकळीने सांगते.

लायनिंगमध्ये पुढून मागे तापमान उतरत जातं. त्या उतारावर कुठेतरी एक जागा येते जिथे धातू गोठतो, शुद्ध अ‍ॅल्युमिनियमला ६६० आणि सिलिकॉनवाल्या मिश्रधातूत शेवटचा थेंब साधारण ५७७ ला. चिरेतून आत शिरलेला धातू तिथे पोचला की घट्ट होऊन थांबतो. ती गोठणरेषा पुढच्या दाट थरातच राहिली पाहिजे. मागे इन्सुलेशन वाढवलं की अख्खा उतार चढतो, पुढचा थर शेवटपर्यंत गरम राहतो आणि गोठणरेषा सरकून इन्सुलेशनमध्ये जाते. मग धातू चिरेतून थेट त्या हलक्या बोर्डापर्यंत पोचतो, तो बोर्ड खातो आणि शेल गाठतो. पत्रा हाताला गार लागतोय आणि आत धातू बोर्डात पसरलाय असंही होऊ शकतं. तेव्हा थरांचा हिशोब सप्लायरकडून करून घ्या, धातूचा गोठणबिंदू सांगून, आणि तो कागदावर घ्या. छताला आणि धातूच्या पातळीच्या बऱ्याच वर मात्र खुशाल इन्सुलेशन करा.

बचत_बघणारा

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं ताई. आमची भट्टी हीट ट्रीटमेंटची आहे, तिच्यात द्रव धातू नसतो, म्हणून आमचं चाललं. उगाच कुणी माझं वाचून करायला नको म्हणून वरच्या पोस्टबद्दल हे लिहून ठेवतो.

फुफ्फुस_सांभाळा

एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. जुनं लायनिंग फोडलंत तेव्हा तोंडाला काय होतं? रुमाल?

सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट नवीन असताना हाताला खाजतं एवढंच वाटतं, पण युरोपात त्याला कॅन्सरकारक धरून १बी गटात टाकलंय. आणि हजारच्या आसपास वर्षानुवर्षं तापलेलं असलं की त्यातला काही भाग क्रिस्टोबलाइट होतो, म्हणजे स्फटिकी सिलिका, जी माणसाला कॅन्सर करते असं आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) १९९७ मध्येच पहिल्या गटात जाहीर केलंय. जुन्या विटा आणि कास्टेबल फोडतानाही सिलिकाची धूळ उडतेच. सगळ्यात बारीक धूळ डोळ्याला दिसत नाही, तीच खोल जाते, आणि फुफ्फुसात एकदा झालेला सिलिकोसिस परत जात नाही. माझ्या बरोबर काम केलेला एक माणूस आज दोन जिने चढू शकत नाही, त्याचं वय पन्नास पण नाही.

पाणी मारून ओलं करून फोडा, कॉम्प्रेसरच्या हवेने झाडू नका, चेहऱ्याला नीट बसणारा पार्टिकल फिल्टरचा मास्क लावा (दाढी असेल तर तो बसत नाही, हे पण सांगा), कपडे घरी नेऊ नका. कंत्राटी माणसांना आधी द्या, मग स्वतःला घ्या.

भट्टीकाका

बरोबर बोललात, हे आधी मीच लिहायला हवं होतं. आम्ही पहिली दहा वर्षं काहीच लावत नव्हतो.

फक्त एक जोडतो, ओलं करून फोडा पण जे लायनिंग ठेवायचंय त्यावर पाणी जाऊ देऊ नका, आणि मॅग्नेशियाच्या विटा असतील तिथे तर अजिबात नाही. मॅग्नेशिया पाणी पिऊन फुगते आणि वीट जागच्या जागी चिरते. गोदामात गळक्या छपराखाली ठेवलेल्या न वापरलेल्या विटांचा भुगा झालेला मी बघितलाय.

नवा_मेंटेनन्स

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, तीन आठवडे गेले. हा धागा वरिष्ठांना जसाच्या तसा दाखवला. १८०० चा विषय संपला. सप्लायरचा माणूस येऊन गेला, त्याला मुक्ताताईंनी सांगितलेले प्रश्न विचारले, त्याने कापलेला कप दाखवला आणि माल बदलून दिला, न भिजणारा, शिवाय ड्राय-आउटसाठी बारीक प्लास्टिकचे तंतू घातलेला. तो म्हणाला ते १६५ च्या आसपास वितळतात आणि वाफेला बारीक वाटा करून देतात. थरांचा हिशोब पण कागदावर दिला, गोठणरेषा पुढच्या थरात येतेय. फोडताना सगळ्यांना मास्क होते, पाणी मारत फोडलं.

या वेळी पाणी मी स्वतः मोजलं, प्रत्येक बॅचला, ५.५ टक्के. मिक्सरवाला परत म्हणाला चालत नाहीये, मी म्हटलं पाच मिनिटं थांब, आणि खरंच व्हायब्रेटर लागल्यावर दह्यासारखा पसरला. अँकरच्या टोकांना प्लास्टिकच्या टोप्या घातल्या. ओतून छत्तीस तास झाकून ठेवलं, आत हीटर होता.

काल सकाळपासून ड्राय-आउट चालू आहे, भाड्याच्या वेगळ्या बर्नरवर, चार थर्मोकपल. शेलला भोकं पाडली आहेत आणि काका, त्यातून काय पाणी आलंय म्हणून सांगू, पहिल्या रात्री तर थेंब थेंब ओघळून खाली थारोळं झालं होतं. ते बघताना कळलं की मागच्या वेळी हे सगळं आतच होतं. आता २५० च्या होल्डवर आहोत, दहा तास झाले. भोकासमोर काचेचा तुकडा धरून बघतोय, अजून धूसर होतोय. तक्त्याप्रमाणे होल्ड आत्ता संपायला हवा पण मी अजून वाढवतोय, काच कोरडी राहेपर्यंत. बरोबर करतोय ना?

भट्टीकाका

एकदम बरोबर. काच दर अर्ध्या तासाला, आणि सगळ्या भोकांना, फक्त जवळच्या नाही. तळाची भोकं सगळ्यात शेवटी कोरडी होतात.